तळहाताएवढं आभाळ

ढालकिड्याची पाठ इतकी गुळगुळीत असते की तिच्यात समोरच्या वस्तूचं प्रतिबिंब पडतं. त्यामुळे कॅमेऱ्यावरचा उघडा फ्लॅश मारला की लाल पाठीवर एक पांढराफटक डाग उमटतो. तो डाग म्हणजे फ्लॅशचंच प्रतिबिंब. तिथला रंग टिपलाच गेलेला नसतो, त्यामुळे संगणकावर कितीही खटाटोप केला तरी तो परत येत नाही.

मग फ्लॅश हवाच कशाला? कारण क्लोजअपमध्ये उजेडाची फार ओढाताण होते. किडा सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटवायचा, तर एफ/११ वर ठेवलेलं अ‍ॅपर्चर प्रत्यक्षात एफ/२२ इतकाच, म्हणजे एक चतुर्थांश उजेड आत सोडतं. एवढं करूनही फुलफ्रेम कॅमेऱ्यात फोकसमध्ये येणारा पट्टा सुमारे १.३ मिलिमीटरचा. अ‍ॅपर्चर आणखी उघडावं तर डोळे स्पष्ट येतात नि पाय धूसर होतात. त्यात आंबोलीसारखं पावसाळी जंगल असेल तर उजेड मुळातच कमी, आणि पान वाऱ्यावर सतत डुलणारं. फ्लॅशची ताकद १/३२ वर आणली की त्याचा झोत सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास संपतो. तेवढ्या वेळात डुलणारं पानही फोटोत थांबतं.

म्हणजे फ्लॅश सोडायचा नाही, त्याचा उजेड मऊ करायचा. त्यासाठी सॉफ्टबॉक्स: फ्लॅशच्या तोंडावर चढवायची कापडी पेटी, आतून चंदेरी अस्तर, पुढे पांढरं पातळ कापड. तळहाताएवढी पेटी काहीशे रुपयांत मिळते, आणि माणसांचे फोटो काढणारे तिला फारसं मोजत नाहीत. त्यांच्या कामापुरतं ते बरोबरही आहे. उजेड मऊ की कडक, हे दिवा वस्तूच्या जागेवरून किती मोठा दिसतो यावर ठरतं. सूर्य प्रचंड असूनही आपल्याला अर्ध्या अंशाचाच दिसतो, म्हणून उन्हातल्या सावल्यांच्या कडा धारदार. ढग दाटले की अख्खं आभाळच दिवा होतं आणि सावल्या विरघळतात. १५ सेंटिमीटरची पेटी २ मीटरवरच्या माणसाला जेमतेम ४ अंशांची दिसते. तीच ढालकिड्यापासून १० सेंटिमीटरवर आणा, ती ७० अंशांहून मोठी होते!

प्रतिबिंब तेव्हाही पडतंच, पण तेवढाच उजेड मोठ्या जागेत पसरल्याने ते फिकं होतं. त्याच्या आडून लाल रंग दिसतो, ठिपक्यांच्या कडा दिसतात, पंखांच्या कवचावरचे बारीक खळगेही दिसतात. किड्याची जात ओळखायची तर नेमक्या याच खुणा लागतात. निसर्गाच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत ही पेटी असावी असं मला वाटतं ते यासाठीच.

स्वस्त पेटीत एक उणीव हमखास आढळते. कापडाच्या मध्यावर उजेड जास्त, कडांना कमी. म्हणजे पेटी मोठी असूनही खरा दिवा मधल्या भागापुरताच. पेटीच्या कापडाचाच एक गडद फोटो काढला की हे लगेच कळतं. आतून मध्यभागी बटर पेपरचा तुकडा चिकटवावा. थोडा उजेड खर्ची पडतो, पण तो सगळीकडे सारखा होतो.

उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या बाबतीत मात्र पेटीचा आकारही बघावा लागतो. त्यांचे समोरचे दोन मोठे डोळे काळेभोर नि चकचकीत, त्यामुळे चौकोनी पेटीचा चौकोन त्यांत जसाच्या तसा उमटतो. कोळ्यांसाठी मी गोल तोंडाचीच पेटी घ्यायला सांगेन.