महिनाभराचा मृदंग

मे महिन्यात पेडगावच्या शिवारात उभं राहिलं की नजरेला अडवणारं काही नसतं. पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, काळी जमीन भेगाळलेली असते आणि परभणीकडं जाणाऱ्या गाडीचा आवाज फार दुरून ऐकू येतो. शेतात काम नाही, शाळेला सुट्टी आणि मृगाला अजून अवकाश. या रिकाम्या महिन्यात परभणी, हिंगोली, नांदेड, बीडच्या गावोगावी एक शाळा भरते. तिला स्वतःची इमारत नसते. मारुतीच्या देवळाचा सभामंडप किंवा सुट्टीत मोकळी पडलेली शाळा, पुढं कापडी मांडव आणि वर फलक : निवासी वारकरी बालसंस्कार शिबिर.

आठ-दहा वर्षांपासून पंधरा-सोळा वर्षांपर्यंतची मुलं इथं मुक्कामाला येतात. पिशवीत पांढरे सदरे, टोपी, ताट-तांब्या आणि अंथरूण. घरी ज्याला ‘अरे गण्या’ म्हणून हाक मारतात, त्याला इथं पहिल्याच दिवशी कोणीतरी ‘महाराज’ म्हणतं आणि वाकून नमस्कार करतं. पोरगं गोंधळतं, मग तेही समोरच्याच्या पाया पडतं. वारकऱ्यांची ही रीत पाठाच्या आधी अंगवळणी पडते.

दिवस उजाडायच्या आत आंघोळ, कपाळाला गोपीचंदन, काकडा. मग गीतेचा पाठ. ऊन चढायच्या आत गायनाचे आणि मृदंगाचे वर्ग. पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकला की पाठांतर आणि थोडी झोप. संध्याकाळी हरिपाठ, तोही नुसता बसून म्हणायचा नाही. टाळ घेऊन, रांगेत पावल्या टाकत. रात्री कीर्तन. महिनाभर हाच क्रम. कुठं मुलींचीही वेगळी शिबिरं होतात आणि त्यांच्या गळ्यातला मृदंग आता कोणाला नवल वाटत नाही.

मृदंग शिकायला आलेल्या मुलाला वाटतं, आल्या आल्या वाद्य मांडीजवळ मिळेल. मिळतो तो बोल. हातानं टाळी धरायची आणि तोंडानं म्हणायचं : धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत, गदि गन. बारा मात्रांचा चौताल. एकपट, मग त्याच टाळीत दुप्पट. जीभ अडखळली की टाळी चुकते, टाळी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. शिकवणाऱ्यांचं सांगणं एकच असतं : जे तोंडात बसलं नाही, ते हातात उतरणार नाही.

ही रीत फार दूरच्या एका वाद्याच्या शाळेतही आहे. स्कॉटलंडमध्ये बॅगपाइप आणि ढोल शिकायला उन्हाळ्यात मुलं अशीच मुक्कामी जमतात. तिथले जुने पाइपवादक स्वरलिपीच्या आधीपासून अक्षरं गाऊन धून पाठ करत आले. नवशिक्याला हवेची पिशवी लगेच मिळत नाही. आधी पिशवीविना नुसत्या साध्या नळीवर बोटं बसवायची. ढोलवाला रबरी गादीवर काठ्या चालवतो. भाषा वेगळी, देव वेगळा. पण वाद्यापर्यंत पोचायची वाट सारखीच.

वाद्य हातात आलं की त्याचा स्वभाव कळायला लागतो. लाकडाचं पोकळ खोड, दोन्ही तोंडांवर कातडी पुड्या, त्यांना ताणून धरणाऱ्या वाद्या आणि वाद्यांखाली लाकडी गठ्ठे. उजव्या पुडीवर कायमची काळी शाई, तिच्यात लोखंडाचा कीस. डावीकडच्या धुम्याला मात्र दर वेळी ओली कणीक लावायची आणि वाजवून झालं की खरवडून काढायची. कणीक कमी पडली की धुमा कोरडा बोलतो, जास्त झाली की मुका होतो. परभणीच्या मे महिन्यात ती बघता बघता सुकते, म्हणून शेजारी पाण्याची वाटी लागते. उन्हानं कातडं ताणतं आणि स्वर चढतो. पावसाळी हवेत तेच कातडं सैल पडतं. हातोडीनं वाद्य स्वरात आणायला शिकणं हा अभ्यासाचाच भाग. हल्ली वाद्या आणि गठ्ठ्यांच्या जागी नट-बोल्ट आले आहेत. ते सोयीचे खरे, पण स्वर जुळला की नाही हे अखेर कानालाच ठरवावं लागतं.

या शिबिरांचं मूळ शोधत गेलं की आळंदी लागते. तालमीत घाम गाळलेले विष्णुबुवा जोग यांनी 1917 साली तिथं वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. बंकटस्वामी, सोनोपंत दांडेकर अशी माणसं त्यांच्याबरोबर होती. चार वर्षांचा अभ्यासक्रम, फी नाही, पोटासाठी माधुकरी. कीर्तन आणि प्रवचन बापाकडून मुलाकडं जाणारं घराण्याचं धन होतं. ते कोणत्याही शेतकऱ्याच्या पोराला शिकता येईल असं दार तिथं उघडलं. आळंदीत शिकून गेलेले पुढं आपापल्या भागात शिकवू लागले. दुसरा झरा पखवाजाचा, म्हणजे याच मृदंगाचा. वाईजवळच्या बावधनचे नानासाहेब पानसे एकोणिसाव्या शतकात इंदूरच्या दरबारात गाजले आणि त्यांच्या शिष्यशाखांतून पखवाज महाराष्ट्रभर पसरला. दरबारातलं वाद्य आणि दिंडीतलं वाद्य यांची सोयरीक जुनी आहे.

दिंडीत मात्र मृदंगाचं काम वेगळं. तिथं वाजवणारा एकटा कधीच नसतो. पुढं टाळकरी, मधे विणेकरी, गाणाऱ्याचा गळा, आणि चालणाऱ्या शंभर पावलांची एकच लय. बॅगपाइपच्या तीन लांब नळ्या एकच आधारस्वर धरून ठेवतात. दिंडीत तो आधार वीणेचा. हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत, पहाऱ्यानं एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. मृदंगवाला याच आधारावर उभा असतो. गाणारा थकला तर त्यानं लय सावरायची, म्हातारं पाऊल मागं पडलं तर हात आवरायचा, चाल रंगली की दुगण द्यायची. हे तासाभराच्या शिकवणीत येत नाही. त्यासाठी एका पंगतीत जेवावं लागतं, शेजारच्याचं घोरणं ऐकावं लागतं, कोणाचा दम कुठं तुटतो हे माहीत असावं लागतं. शिबिर निवासी असतं ते म्हणूनच. मृदंग शिकणं म्हणजे दुसऱ्याला धरून चालणं, आणि ते सोबत राहूनच येतं.

जेवणाची जबाबदारी बहुधा गावच उचलतं. आज या वाड्याच्या भाकरी, उद्या त्या गल्लीचं वरण-भात. ज्या बाईनं भाकरी थापल्या, ती संध्याकाळी हरिपाठाला येऊन बसते आणि आपल्या भाकरीचा आवाज ऐकते. तरीही आईबापांनी डोळे उघडे ठेवायलाच हवेत. रात्री मुलांजवळ कोण झोपतं, पाणी कुठलं, ताप आला तर दवाखाना किती लांब, हे विचारण्यात अश्रद्धा नाही. श्रद्धेच्या जागेनं या प्रश्नांना सगळ्यात आधी उत्तर दिलं पाहिजे.

शेवटच्या दिवशी गावातून दिंडी निघते, काल्याचं कीर्तन होतं, लाह्या-दह्याचा काला वाटला जातो. पट्टा मानेत अडकवून पोरगं पहिल्यांदा चालता चालता वाजवतं. वेशीजवळ एखादी आजी फुगडीला उतरते. पोराचे डोळे आता हातांवर नसतात, तिच्या पावलांवर असतात. ती दमते तसा त्याचा हात हळू होतो. महिनाभर शिकवलं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी मांडव सुटतो. मृग जवळ आलेला असतो आणि पोरं पेरणीच्या घाईत घरी पोचतात. थोड्याच दिवसांत शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी त्रिधारा, परभणी, दैठणा करत जनाबाईंच्या गंगाखेडकडं जाते. वाटेवर दुतर्फा माणसं उभी असतात. त्या गर्दीत एखादं पोर मांडीवर बोटं वाजवत असतं, पालखीच्या चालीत.