रोबोट मधमाशी उडते कशी? उत्तर घरातल्या गॅस लायटरमध्ये

"पेट्या भाड्यानं आणण्यापेक्षा ती रोबोट माशी कुठं मिळते का बघा की," परवा पारावर एक जण म्हणाला. मोबाईलवर व्हिडिओ पाहिला होता म्हणे. कांद्याचे डोंगळे फुलात आले की माशीची किंमत कळते, म्हणून जरा माहिती काढली.

माशी खरी आहे. नाव रोबोबी. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात रॉबर्ट वूड यांच्या टीमनं बनवली. वजन सुमारे 80 मिलिग्रॅम, पंख सेकंदाला 120 वेळा हलतात. 2013 मध्ये ती तोल सांभाळून उडाली.

गंमत म्हणजे हिच्यात मोटर नाही. मोटर फार बारीक केली की तिची बरीचशी ताकद घासण्यातच जाते. मग पंख हलवतं कोण? गॅस लायटर आठवा. खटका दाबला की आतल्या खड्यावर ठोका बसतो, वीज तयार होते, ठिणगी पडते. इथं नेमकं उलटं केलंय. तशाच गुणाच्या पातळ पट्टीला वीज दिली की ती किंचित वाकते. बारीक सांधे ती हालचाल वाढवून पंखापर्यंत नेतात. वीज द्या-काढा, पंख फडफडतात.

अडचण इथंच आहे. त्या पट्टीला जवळपास 200 व्होल्ट लागतात. एवढी बॅटरी माशीच्या पाठीवर कशी बसणार? म्हणून 2013 ची माशी वायरला बांधलेली होती. तिचा तोलही बाहेरचे कॅमेरे आणि कॉम्प्युटर सांभाळत होते. 2019 मध्ये चार पंखांची, 259 मिलिग्रॅमची माशी आली. तिच्यावर छोटे सोलर सेल होते. वायर सुटली, पण उडाली एक सेकंदसुद्धा नाही. तेही उन्हाच्या तिप्पट प्रखर दिव्याखाली. आपलं एप्रिलचं ऊनही तिला पुरायचं नाही!

खरी माशी थेंबभर मकरंदावर शिवार फिरते आणि न चुकता पेटीत परत येते.

दोन वर्षांपूर्वी डोंगळे फुलात असताना मी सकाळी फवारलं. दुपारी पेट्यांपुढं मेलेल्या माश्यांचा सडा. त्या साली बी निम्मंच भरलं. आता फुलात शक्यतो फवारत नाही. अगदीच वेळ आली तर दिवस मावळल्यावर, माश्या पेटीत गेल्या की. आणि पेटीवाल्याला आदल्या दिवशीच फोन करतो.