दहा बाय दहाचा गाळा

हस्तकलेच्या प्रदर्शनाचे मैदान खरे पाहावे ते उद्घाटनाच्या आदल्या रात्री. मांडववाल्यांची माणसे छताचे कापड ताणत असतात, वायरमन शिडी घेऊन गल्लीगल्लीत फिरत असतो आणि टेम्पोतून गाठोडी, खोकी, बाचकी उतरत असतात. ज्याच्या नावावर गाळा निघाला त्याच्या वाट्याला येते ते एवढेच: दहा फूट बाय दहा फूट जागा, तीन बाजूंना पांढऱ्या फळ्यांच्या भिंती, वर नावाची पट्टी, एखाददुसरे टेबल, दोन खुर्च्या, दोन-तीन दिवे आणि एक प्लग. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे दुकान उभे असावे लागते. ते उभे करणारे हात बहुधा तेच असतात, ज्यांनी त्याआधी कित्येक महिने गोधडी शिवली, तांबे ठोकले किंवा चामडे कापले. वस्तू घडवणे त्यांना घरातून मिळालेले असते, ती मांडायची कशी हे मात्र कुणी शिकवलेले नसते. गाळा लावणे ही हस्तकलेचीच शेवटची पायरी आहे असे मी मानतो, आणि ती नीट पडली नाही तर आधीच्या साऱ्या पायऱ्यांचे मोल गिऱ्हाइकापर्यंत पोहोचत नाही.

महाराष्ट्रात बहुतेकांना हा गाळा ठाऊक आहे तो दोन नावांमुळे. राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान, म्हणजे ‘उमेद’, मुंबईत ‘महालक्ष्मी सरस’ भरवते, आणि पुण्यात डिसेंबरात बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची ‘भीमथडी जत्रा’ भरते. दोन्हीकडे बचत गटांच्या बायका गावोगावहून माल घेऊन येतात. पण गाळ्याचा मुळापासून विचार झाला तो दिल्लीत. जया जेटली यांनी 1986 मध्ये ‘दस्तकारी हाट समिती’ स्थापन केली. गावच्या आठवडी बाजाराला राजधानीत कायमची जागा द्यावी ही त्यांची कल्पना, आणि त्यातून 1994 मध्ये आयएनए मार्केटसमोर ‘दिल्ली हाट’ उभा राहिला. जागा कुठली, तर एका मोठ्या नाल्यावर छत घालून मिळवलेली. वास्तुरचनाकार प्रदीप सचदेवा यांनी तिथे विटांचे बुटके गाळे, मोकळे चौक आणि बसायला पार केले. काचेचे दार कुठेच नाही, आत शिरण्याचा संकोच वाटेल असा उंबरठाही नाही.

खरी कल्पकता नियमात होती. बहुतेक गाळे कुणाच्याही कायम मालकीचे नाहीत, कारागिराला पंधरा दिवसांसाठी ते मिळतात. पंधरवडा संपला की कच्छचा भरतकामवाला जातो आणि त्या जागी मधुबनीची चित्रकार येते. एकच जागा वर्षभरात अनेक घरांना पुरते आणि दिल्लीकराला दर वेळी नवे काही दिसते. पुढे पीतमपुरा आणि जनकपुरी इथेही असे हाट झाले. या पद्धतीला कीड लागली ती व्यापाऱ्यांमुळे. कारागिराच्या नावावर गाळा घ्यायचा आणि त्यात यंत्रावरचा घाऊक माल विकायचा, अशा तक्रारी तिथे वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. हे दुखणे फक्त दिल्लीचे नाही. शेजारच्या गाळ्यात छापील ‘वारली’ची पिशवी चौथ्या हिश्शाच्या किमतीत लटकत असेल, तर तांदळाच्या पांढऱ्या रंगाने एकेक रेघ हाताने ओढणाऱ्याने गिऱ्हाइकाला काय सांगायचे?

तर मग गाळा लावायचा कसा? पहिली अडचण भिंतीची. या फळ्यांना खिळा ठोकता येत नाही, ठोकला तर मांडववाला भरपाई घेतो. म्हणून अनुभवी माणसाच्या पेटीत इंग्रजी ‘एस’च्या आकाराचे हूक, बारीक साखळी, सुतळी, कात्री, चिकटपट्टी, टाचण्या, सेफ्टी पिना, लांब वायरचा बोर्ड आणि दोन-तीन साध्या चादरी असतातच. वरच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला हूक अडकवायचे, साखळी खाली सोडायची आणि तिच्यावर फ्रेम, पिशव्या, तोरणे टांगायची. चादर एकाच रंगाची आणि फिकी हवी. खाली फुलाफुलांची चादर अंथरली की वरचे भरतकाम हरवून जाते.

दुसरी गोष्ट उंचीची. नवखा माणूस सगळा माल टेबलावर सपाट पसरतो. गिऱ्हाईक गल्लीतून चालत असते, मान खाली घालून टेबल बघायला ते थांबत नाही. रिकामी खोकी उलटी ठेवून, त्यांवर कापड टाकून पायऱ्या केल्या की लांबूनही वस्तू दिसतात. सर्वात देखणी, सर्वात महाग वस्तू मागच्या भिंतीवर डोळ्यांच्या पातळीला लावावी. ती विकली गेली नाही तरी चालते, माणूस तिच्यासाठी आत येतो. कमी किमतीच्या वस्तू पुढच्या कडेला, हात लागेल अशा ठेवाव्यात. टेबल मात्र दारात आडवे लावू नये. त्याने गिऱ्हाईक बाहेरच अडते आणि आतली सहा-सात फूट जागा वाया जाते.

यापुढे प्रत्येक कलेचा गाळा वेगळा होतो, आणि मला सगळ्यात रस आहे तो इथे. कोल्हापुरी चपलेचे घ्या. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले चामडे, खिळा न मारता चामड्याच्याच वादीने शिवलेला तळ. पण गिऱ्हाइकाच्या मापाचा जोड नसेल तर या साऱ्याचा उपयोग शून्य. कापशी असो की पुकरी, प्रत्येक नमुन्याचे सगळे नंबर आणायचे तर माल प्रचंड होतो. म्हणून शहाणा विक्रेता नमुने कमी आणि नंबर पुरते आणतो. त्याच्या गाळ्यात बसायला स्टूल, पायाखाली स्वच्छ चटई आणि जमिनीलगत आरसा लागतो. सावंतवाडीच्या लाकडी फळांना आणि खेळण्यांना उंचीपेक्षा हात लागणे महत्त्वाचे. पांगाऱ्याचे लाकूड किती हलके असते हे उचलल्याशिवाय कळत नाही, आणि मूल एकदा उचलून बसले की आईवडील थांबतातच. घोंगडीचे उलट. ती घडी घालून ठेवली तर काळा ढीग दिसतो. एक तरी पूर्ण उलगडून टांगावी लागते, आणि चिंचोक्याच्या खळीमुळे नवी घोंगडी कडक लागते, वापराने मऊ होते, हे प्रत्येकाला सांगावे लागते. न सांगितल्यास माणूस बोट लावतो आणि “टोचते” म्हणून पुढे जातो.

दिव्यांचेही तसेच. तांब्याच्या भांड्यांवर पिवळा उजेड पडला की मठारकामाचा एकेक ठोका चमकतो. पैठणीला किंवा रंगीत सुती कापडाला मात्र पांढरा उजेडच हवा, नाहीतर घरी गेल्यावर रंग वेगळा दिसतो आणि दुसऱ्या दिवशी बाई साडी परत घेऊन येते. आयोजकांचे दिवे सगळ्यांना सरसकट एकच असतात. आपले दोन बल्ब सोबत न्यावेत.

जागा हातात नसते, ती सोडतीने मिळते. तरी मिळालेल्या जागेचा अभ्यास करता येतो. खाण्याच्या विभागातून बाहेर पडणारा माणूस निवांत असतो, थांबतो, बोलतो. त्याचे हात मात्र तेलकट असतात, म्हणून त्या वाटेवर गाळा आलेल्या कापडवाल्या ताई पुढच्या टेबलावर ओल्या रुमालांचे पाकीट ठेवतात. संध्याकाळी तिरपे ऊन कुठून येते, हेही पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे. कापडाचे नैसर्गिक रंग आठवडाभराच्या उन्हात उडतात.

कागदपत्रांची बाजू थोडक्यात. वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तकला विकास आयुक्तांकडून मिळणारे ‘पहचान’ ओळखपत्र हाताशी असले की सरकारी मेळ्यांत अर्ज करणे सोपे होते. दुसऱ्या राज्यात माल नेताना, हस्तकलेच्या अधिसूचित यादीतील वस्तूंसाठी छोट्या कारागिराला ठरलेल्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीतून सूट आहे. पण पॅन लागतो, आणि माल कितीही कमी किमतीचा असला तरी ई-वे बिल काढावे लागते. अनेकांना ही दुसरी अट माहीतच नसते.

विम्याचा विचार तर जवळजवळ कुणीच करत नाही. 30 एप्रिल 2025 च्या रात्री दिल्ली हाटला आग लागली आणि अनेक गाळे मालासकट जळाले. दुकानदाराचा माल जळतो तेव्हा निदान गोदामात आणखी असतो. कारागिराचा मात्र सगळा हंगाम त्या दहा फुटांत मांडलेला असतो. आयोजकांनी गाळ्याच्या भाड्यातच विमा धरावा, ही मागणी कारागिरांनी लावून धरायला हवी.

आता किमतीचे. समजा प्रदर्शन आठ दिवसांचे आहे. गाळ्याचे भाडे 8,000, टेम्पो 5,000, दोघांचे येणे-जाणे 3,000, राहणे आणि जेवण 8,000, असे 24,000 रुपये झाले. आठ दिवसांत 300 वस्तू विकल्या, तर प्रत्येक वस्तूवर 80 रुपये नुसत्या विक्रीचे चढले. शिवाय ते आठ दिवस हात कामाला लागलेला नाही, ती मजुरी वेगळी. बहुतेक बायका किंमत ठरवताना कापड, दोरा आणि अंदाजे मेहनत धरतात, हे 80 रुपये धरतच नाहीत. संध्याकाळी गल्ल्यात पैसे दिसतात, विक्री चांगली झाली असे वाटते, आणि घरी जाऊन हिशेब केला की पदरचे गेलेले असतात. त्यात घासाघीस आली. शंभर-दीडशे रुपये सोडायला लावणारे गिऱ्हाईक नेमके ते 80 रुपये आणि वरची मजुरी घेऊन जात असते. म्हणून प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी असलीच पाहिजे. चिठ्ठी असली की अर्धी घासाघीस तिथेच संपते, आणि लाजरी बाई भाव सांगताना अडखळत नाही.

त्याच चिठ्ठीवर करणाऱ्याचे नाव आणि गाव असावे. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरी जून 2025 मध्ये प्राडा या फॅशन कंपनीने मिलानला तशाच चपला दाखवल्या तेव्हा कोल्हापूरचे नाव कुठेच नव्हते, ओरड झाल्यावर कंपनीला ते मान्य करावे लागले. मानांकनाचा कागद कचेरीत राहतो. चिठ्ठीवरचे नाव गिऱ्हाइकाच्या घरी जाते.

आणि सगळ्यात मोलाचे म्हणजे गाळ्यात बसून काम करणे. तांबटाने हातोडी चालवली, ताईंनी गोधडीचा टाका घातला की लोक आपोआप थांबतात. एका तांब्याला किती ठोके पडतात ते डोळ्यांनी पाहिलेला माणूस सहसा भाव पाडून मागत नाही. हरियाणातल्या सूरजकुंडच्या हस्तकला मेळ्यात 1987 पासून कारागीर लोकांसमोर काम करतात. आपल्याकडच्या आयोजकांनी प्रत्येक गल्लीत एक गाळा नुसत्या प्रात्यक्षिकासाठी, भाडे न घेता राखून ठेवावा. यंत्रावरचा माल ओळखण्याचा याहून सोपा उपाय नाही, कारण व्यापाऱ्याला समोर बसून ती वस्तू करून दाखवता येत नाही.

या हंगामात सरसला किंवा भीमथडीला जाल तेव्हा थेट खाण्याच्या गाळ्यांकडे वळण्याआधी हस्तकलेच्या गल्ल्यांतून एक फेरी मारा. वस्तू कुणी केली ते विचारा, चिठ्ठीवरची किंमत परवडत असेल तर तेवढीच द्या, आणि फोन नंबर लिहून घ्या. पुढची गोधडी किंवा पुढचा जोड त्या नंबरवर मागवा. त्या विक्रीला गाळ्याचे भाडे लागत नाही.