चेंबर उघडल्यावर

सकाळी ८.१५
कुंभारमाठ. दोराने ओढत आणलेली पांढरी ऑम्नी गॅरेजच्या दारात थांबते. मागे क्रेटचा वास, खाऱ्या पाण्याने खाल्लेला पत्रा. मालक मालवण बंदरावरून कुडाळच्या बाजारात बांगडा पोचवतो. काल चौक्याजवळ तेलाचा लाल दिवा लागला आणि त्याने तिथल्या तिथे गाडी बंद केली. म्हणून बोलायला काही शिल्लक आहे, असं मिस्त्रींचं मत. इंजिन तीन महिन्यांपूर्वी दुसरीकडे बांधून घेतलेलं. १८,००० रुपये मोजून.

८.४०
पुढच्या सीट उचलल्या की खाली इंजिन. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. टॅपेट कव्हर, थर्मोस्टॅटचं घर, तळाचं तेलाचं चेंबर, प्रत्येक जोडावर लाल सिलिकॉन ओघळून सुकलेलं. मिस्त्री नखाने एक पट्टी सोलतात.
"ह्यां कोणी लावल्यान? लादीवर सिमेंट ओतल्यासारख्यां!"

९.३०
तेल काढलं. काळं आहे, दुधाळ नाही. म्हणजे पाणी मिसळलेलं नाही. दहा नंबरच्या पान्याने बोल्ट सुटले, पण चेंबर हलेना. पातळ पातं फटीत घालून, लाकडी हातोडीने हलके ठोके देत अर्धा तास गेला. चेंबर खाली आलं. स्ट्रेनरच्या जाळीवर लाल रबराचे दाणे आणि दोरे. बाहेर जेवढं ओघळतं, तेवढंच आतही ओघळतं. ते तुटून तेलात पडतं, पंप ते जाळीवर ओढतो, आणि बेअरिंगला तेल पोचत नाही.

११.१५
बेअरिंगच्या दोन कॅप सोडून शेल पाहिले. झिजलेत, पण ओरखडा नाही. मालक तेवढ्यात दुसऱ्यांदा चहा सांगतो.

दुपारी १.३०
जेवण. बांगड्याचं तिखलं, भात.

२.१५
आजचं खरं काम हे. पोरगा, रोज ५००, जुनं सिलिकॉन खरवडतोय. ॲल्युमिनियमच्या भागांवर लोखंडी पातं चालत नाही, ओरखडा पडला की तिथूनच गळती. पॉलिश पेपरही नको, त्याची रेती इंजिनात जाते. प्लास्टिकची पट्टी, पेट्रोलची चिंधी, पुन्हा पट्टी. बोल्टच्या भोकांतलंसुद्धा टोच्याने काढायचं. दोन तास. मिस्त्री बोट फिरवतात आणि परत पाठवतात. या दोन तासांचे पैसे गिऱ्हाईक सहज देत नाही. मग खरवडणं टळतं आणि सिलिकॉनचा थर जाड होतो, तो इथेच.

४.३०
टॅपेट कव्हरचं रबरी पॅकिंग कुडाळहून एसटीने आलं. ते कोरडंच बसवलं. थर्मोस्टॅटला नवं कागदी पॅकिंग, घरीच कापलेलं. चेंबरला मात्र सिलिकॉन. मिस्त्रींचं त्याच्याशी वैर नाही. नळीचं तोंड बारीक कापून तीन मिलिमीटरची एक सलग रेघ, बोल्टच्या भोकांना आतून वळसा घालत. मग बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे.

६.००
"फाटफटी माका गाडी होयी."
"तेल आज घालूचा नाय. रातभर सुकांदे."
सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने सुकतं. मालवणात ओलाव्याला तोटा नाही, पण वेळ लागतोच. मालक फोनवर भाड्याचा टेम्पो ठरवतो. ९०० रुपये.

६.३०
वहीच्या पानावर हिशेब. तेल १,०५०, फिल्टर ११०, पॅकिंग १४०, सिलिकॉन १५०, मजुरी १,५००. एकूण २,९५०. मजुरीवर घासाघीस होते; ती १,४०० वर थांबते. मालक स्ट्रेनरमधले दाणे प्लास्टिकच्या पिशवीत भरून मागतो. आधीच्या गॅरेजवाल्याला दाखवायचे आहेत.
"दाखय जा," मिस्त्री हात धूत म्हणतात, "पण माझा नाव घेव नको."