सर्पदंश, विंचूदंश आणि उपचारांची सूत्रे

पावसाळा लागला की आमच्या खारघरच्या डोंगरउतारावर गवत माजते आणि वसाहतींच्या कडेला साप दिसू लागतात. कोणाला दंश झालाच, तर त्याचे प्राण एखाद्या डॉक्टरच्या हुशारीवर अवलंबून असावेत की सर्वांसाठी ठरवलेल्या पद्धतीवर? हुशार डॉक्टर बरा, असेच आपण म्हणू. परंतु मध्यरात्री ग्रामीण रुग्णालयात जो तरुण डॉक्टर हजर असतो, त्याने सर्पदंशाचा रुग्ण पूर्वी पाहिलेलाही नसेल. राष्ट्रीय उपचारसूत्रे लिहायची ती त्याच्यासाठी.

ही सूत्रे कशातून घडतात, हे पाहायला दूर जायला नको. आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण वर्षानुवर्षे तपासले. हृदय दुबळे होऊन, फुफ्फुसांत पाणी साचून माणसे दगावत. विषामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हे ओळखून त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध योजले आणि मृत्यू पुष्कळच घटले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. आपल्याच उपायाला त्यांनी कसोटीला लावले. नुसते प्राझोसिन घेणाऱ्यांपेक्षा त्याच्या जोडीला प्रतिविष मिळालेले रुग्ण लवकर बरे होतात, हा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. अनुभवाचे सूत्र होते ते असे.

सर्पदंशाला जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये उपेक्षित रोगांच्या यादीत घेतले. भारतात २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट.

सूत्रे दिसायला साधी असतात, पण प्रत्येकामागे कारण असते. दंशाच्या जागी चिरा देऊ नये, अवयव करकचून बांधू नये. त्याने इजाच वाढते. रुग्णाचे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवावे. ते गोठले नाही, तर विषाने रक्त बिघडवले असे समजावे. लहान मुलालाही प्रतिविष मोठ्या माणसाइतकेच द्यावे, कारण साप मुलाला चावताना विष कमी सोडत नाही!

तरीही सूत्रांना मर्यादा आहेत. आपले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर आहे. सह्याद्रीतल्या चापड्यावर नाही. तेव्हा सूत्रे नव्या अनुभवाने पुन्हा पुन्हा तपासली पाहिजेत, आणि तो अनुभव महाडसारख्या गावांतूनच वर जायला हवा.

उरते आपले काम. दंश झाला तर मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. अवयव स्थिर ठेवून रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. आणि पावसाळ्यापूर्वीच जवळच्या रुग्णालयात एक प्रश्न विचारून ठेवावा: प्रतिविष आहे ना? उत्तम सूत्रसुद्धा रिकाम्या कपाटापुढे हतबल असते.