डिस्क दिसते, पण उघडत नाही!

‘द डिस्क यू इन्सर्टेड वॉज नॉट रीडेबल बाय धिस कॉम्प्युटर.’ मैत्रिणीच्या मॅकबुकवर हा मेसेज आला आणि माझ्या पोटात गोळाच आला. खाली तीन बटणं : इनिशियलाइज, इजेक्ट, इग्नोर.

त्या डिस्कवर होत्या आंबेगाव तालुक्यातल्या आजी-आजोबांच्या मुलाखती. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याला नाव त्याचंच, पण कारभार घोडेगावातून चालतो. ते गाव ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांचे आवाज आम्ही प्रोजेक्टसाठी रेकॉर्ड केले होते. कॅमेऱ्याचं कार्ड पुसून झालेलं. म्हणजे कॉपी ही एकच!

नारायणगावात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या दादाला फोन लावला. तो ओरडलाच, “अगं, इनिशियलाइज दाबू नकोस! सगळं पुसून डिस्क नव्यानं तयार करेल ते. इजेक्ट कर आणि इकडे घेऊन ये.”

गोची नेमकी काय होती? कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्स आहे. तिथे डिस्क ‘ईएक्सटी४’ या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट केलेली. लिनक्स, मॅक, फ्रीबीएसडी ही सगळी युनिक्सच्या गोतावळ्यातली, पण प्रत्येकाची फाइल सिस्टिम निराळी. मॅकला ईएक्सटी४ मुळात वाचताच येत नाही. फ्रीबीएसडीला येतं, पण तिथे माउंट करताना प्रकार ‘ईएक्सटी२एफएस’ असा सांगावा लागतो. एकाच पेन ड्राइव्हला लिनक्स ‘एसडीबी१’ म्हणेल, मॅक ‘डिस्क२एस१’ आणि फ्रीबीएसडी ‘डीए०पी१’.

युनिक्समध्ये सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह हा प्रकार नसतो. सगळ्या फाइल्सचं एकच झाड. नवी डिस्क त्या झाडाच्या एखाद्या फांदीला जोडायची, त्यालाच म्हणतात माउंट करणं. माउंट झालं नाही म्हणजे डेटा गेला असं नाही. तो तिथेच असतो, फक्त वाट सापडत नसते.

दादानं डिस्क त्याच्या लिनक्स लॅपटॉपला लावली. ‘एलएसबीएलके -एफ’ या कमांडनं पार्टिशन दाखवलं, पण फाइल सिस्टिमचा रकाना रिकामा! माउंट करायला गेलं तर उत्तर : ‘राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक’. दादानं विचारलं, “शेवटी काढताना अनमाउंट केलेलीस का?” मी गप्प. बस सुटेल म्हणून कॉपी होता होताच केबल ओढली होती.

सुपरब्लॉक म्हणजे फाइल सिस्टिमचा सातबारा समजा. आकार किती, रचना कशी, याची नोंद तिथे. तोच खराब झाला होता. पण ईएक्सटी४ त्याच्या जादा प्रती डिस्कवर ठेवते. ब्लॉक ४ केबीचे असतील, तर पहिली जादा प्रत साधारणपणे ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकवर मिळते.

दादानं मूळ डिस्कला हात लावला नाही. आधी ‘डीडीरेस्क्यू’नं पार्टिशनची हुबेहूब नक्कल काढली, मग त्या नकलेवर जादा सुपरब्लॉक देऊन ‘ई२एफएससीके’ चालवलं. नक्कल माउंट झाली! काही फाइल्स ‘लॉस्ट प्लस फाउंड’ फोल्डरमध्ये नावाऐवजी आकडे घेऊन बसल्या होत्या. त्यातली एक उघडली आणि दुकानात आजींचा आवाज घुमला. दादाचं गिऱ्हाइकसुद्धा ऐकत उभं राहिलं.

लिनक्सचं आपल्या भागाला वावडं नाही बरं का! जुन्नर तालुक्यात खोडदच्या जीएमआरटीमध्ये ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी टिपलेल्या सिग्नलवर प्रक्रिया करायला लिनक्स संगणकांचे क्लस्टरच वापरले जातात.

तुमचीही डिस्क रुसली तर...

• फॉरमॅट किंवा इनिशियलाइज विचारलं, तर ‘नाही’ म्हणा.
• आधी डिस्क दिसते का ते बघा : लिनक्सवर ‘एलएसबीएलके -एफ’, मॅकवर ‘डिस्कयुटिल लिस्ट’, फ्रीबीएसडीवर ‘जीपार्ट शो’.
• एरर आली तर ‘डीमेसेज’च्या शेवटच्या ओळी वाचा. कारण बहुतेक वेळा तिथेच असतं.
• विंडोजची डिस्क लिनक्सवर अडली, तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करून मशिन पूर्ण शटडाउन करा.
• माउंट असलेल्या पार्टिशनवर ‘एफएससीके’ चालवू नका.
• डिस्क सगळीकडे फिरवायची असेल, तर ‘एक्सफॅट’ सोयीची. पण काढताना इजेक्ट कराच.

आणि हो, दुसरी कॉपी ठेवा. मी आता तीन ठेवते.