स्प्रे गन, आखाजी आणि खरखरीत गेट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या वेळचा एपिसोड लेखी.

आमच्याकडे जळगावात रंगकामाचे मुहूर्त दोनच, दिवाळी नाहीतर आखाजी. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, लेकी माहेरी यायचा सण. ताई येणार म्हणून आईने गेटचा विषय काढला. मी नुकतीच ऑनलाइन सेलमध्ये इलेक्ट्रिक स्प्रे गन घेतलेली. म्हटलं, पेंटर कशाला? भर दुपारी एक वाजता सुरू केलं, तासाभरात आटोपलं. संध्याकाळी बाबांनी गेटवरून हात फिरवला. "रंग दिलाय का रवा थापलाय?"

गेट अक्षरशः पॉलिश पेपर झालं होतं.

सवयीप्रमाणे आधी मशीनला दोष दिला. नोझल बदललं, फिल्टर धुतला. बग दुसरीकडेच होता. गन रंगाचे बारीक थेंब करते. थेंब जितका बारीक, तितका त्यातला थिनर पटकन उडतो. थेंब पत्र्यावर ओला पोचला तर शेजारच्या थेंबात मिसळून सपाट होतो. वाटेतच सुकला तर दाणा म्हणून चिकटतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ पर्यंत जातो, हवा कोरडी, आणि उन्हातलं लोखंड त्याहून तापलेलं. त्यात मी घरात होतं म्हणून एनसी थिनर ओतलेलं. ते झटकन उडतं. ऑइल पेंटला टर्पेंटाइन लागतं, ते सावकाश उडतं. डब्यावर लिहिलेलंही असतं, पण वाचतो कोण!

पुढचा प्रयोग धुळ्याला, मावशीच्या कूलरवर. प्लग काढला, कूलर अंगणात सावलीत ओढला, सकाळी साडेसहाला सुरुवात. रंग जुन्या ओढणीतून गाळून घेतला, आधी पुठ्ठ्यावर मारून पाहिला. गन पत्र्यापासून वीतभर लांब, हात सरळ रेषेत. मनगट वळवलं की कडेला रंग कमी पडतो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ, नाहीतर ओघळ येतात. कूलर एकदम गुळगुळीत. मावशी खूश, मी त्याहून.

आता कोणती घ्यायची? घरकामासाठी टर्बाइनवाली एचव्हीएलपी, म्हणजे भरपूर हवा पण कमी दाब. कपाट, दरवाजा, कूलर, टेबल यांना ती पुरते. भिंतीचा इमल्शन मात्र घट्ट असतो. छोट्या गनला तो झेपत नाही, आणि जास्त पाणी घातलं तर भिंत झाकली जात नाही. तिथे रोलर बरा. खिडकीच्या ग्रिललाही मी ब्रशच घेईन, कारण गजांच्या फटीतून निम्म्याहून जास्त रंग हवेत जातो. कंप्रेसरवाली गन गॅरेजसाठी ठीक. एअरलेस भाड्याने घ्यायचा मोह झाला तर एक लक्षात ठेवा. त्यात रंगावर २०० बारच्या आसपास दाब असतो. नोझलसमोर बोट आलं तर रंग कातडीतून आत घुसतो. वरून सुईच्या टोचणीएवढं दिसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं, कारण आतून बोट जाऊ शकतं.

कापडी मास्कने थिनरची वाफ थांबत नाही. ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजवाला मास्क घ्या. बंद खोलीत ऑइल पेंट मारू नका, जवळ गॅस किंवा विडी तर नकोच. ती वाफ पेट घेते. अजून एक: जुना रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको हा नियम लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या गेटवर काय आहे ते आपल्याला दिसत नाही. म्हणून वॉटर पेपर, पाणी लावून, आणि लहान मुलं लांब. आमचं जुनं गेट आजोबांच्या काळातलं, आणि भाची दोन वर्षांची.

ताई आली तेव्हा गेट अर्धं घासलेलं, अर्धं खरखरीत. "हे काय केलंस रे?" म्हणाली, आणि भाचीला कडेवर घेऊनच आत शिरली. दुसरा हात आखाजीनंतर दिला, पहाटे. आणि हो, काम झाल्या झाल्या गन टर्पेंटाइनने धुवा. चहा नंतर. मी चहा आधी घेतला होता, नोझल अजून पिनने कोरतोय.